सुलूमावशींच्या बाळंतिणी

सुलूमावशींचं वाऱ्याशी वैर होतं. पंख्याचा, एसीचा, गाडीच्या खिडकीतून येणारा, कुठलाही वारा. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या थंडीत बोडक्या डोक्यानं पत्रं टाकायला येणाऱ्या पोस्टमनला त्या दारातूनच दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवत. मराठीचा गंधही नसलेला तो माणूस शेवटी कानटोपी घालून येऊ लागला. मी एकदा ओल्या केसांनी कचरा टाकायला गेले, तर परत येईपर्यंत त्या माझ्या अंगणात टॉवेल घेऊन उभ्या. "वारा लागेल गं," एवढंच म्हणायच्या, पण अशा काही की मला खरंच शिंक यायची.

त्या माझ्या शेजारणीच्या, मेधाच्या आई. मेधा युनिव्हर्सिटीत संशोधन करायची आणि हौस म्हणून परसात कोंबड्या पाळायची. मावशी पुण्याहून आल्या होत्या त्या तिच्या बाळंतपणासाठी. डिंक, अळीव, ओवा आणि स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी घेऊन. बाळ फार लवकर आलं, आणि राहिलं नाही. मुलगी होती. त्यानंतर मेधानं आईला अंगाला हात लावू दिला नाही. तेल नको, शेक नको, लाडू नको. "बाळच नाही, तर बाळंतपण कसलं?" असं ती एकदा म्हणाली, आणि मावशींची बॅग कपाटात गेली. मावशींना एकच हवं होतं, लेकीनं आपल्याला जवळ येऊ द्यावं. ते होईना, तेव्हा त्या कोंबड्यांकडे वळल्या.

खरं तर त्या अंडंही खात नसत. पहिल्यांदा खुराडं पाहिलं तेव्हा नाकाला पदर लावला होता. आता मात्र अंडं देणारी प्रत्येक कोंबडी त्यांच्या लेखी ओली बाळंतीण. तिला गार पाणी बंद, कोमट बाजरी सुरू. "तांबडी सकाळपासून अडलीय गं," असं त्या इतक्या काळजीनं सांगत की हसू गिळावं लागे.

त्या फेब्रुवारीत मोठ्या हिमवादळाचा इशारा आला. मेधाचा नवरा कामासाठी परगावी गेलेला, त्याची फ्लाइट कॅन्सल झाली. मावशींनी कंबर कसली. पाण्यानं टब भरला, मेणबत्त्या काढल्या, दोन वेळच्या पोळ्या लाटून ठेवल्या, खुराड्यात गवत पसरलं. मेधानं बजावलं होतं की खुराड्याच्या वरच्या फटी उघड्या ठेव, नाहीतर श्वासाची वाफ आत कोंडून कोंबड्यांचे तुरे गोठतात. मावशींनी मान डोलावली. मान डोलावणं ही त्यांची नाही म्हणायची पद्धत होती.

दुपारी बर्फ सुरू झालं तेव्हा मी त्यांचं फावडं परत द्यायला गेले, तर परसातून ओव्याचा वास. मावशी तव्यात निखारे घेऊन खुराड्याला धुरी देत होत्या. वरच्या सगळ्या फटी दुपट्यांनी गच्च बुजवलेल्या, आत कोंबड्यांची नुसती तडफड. मेधा घरातल्या सपाता घालून, कोटाशिवाय धावत आली. तिनं दार उघडलं, एकेक दुपटं ओढून काढलं. धूर निघाला, कोंबड्या बर्फात सैरावैरा झाल्या.

"अगं, बाळंतिणीला धुरी लागतेच," मावशी पुटपुटल्या.

मेधा हातातल्या दुपट्याकडे बघत थांबली.

"आई, बाळंतीण मी आहे."

मावशींनी तवा खाली ठेवला. अंगावरची शाल काढून लेकीच्या डोक्यावरून घट्ट लपेटली, आणि मेधानं ती लपेटू दिली. मग आम्ही तिघींनी कोंबड्या पकडून आत घातल्या आणि फटी उघड्या ठेवल्या.

संध्याकाळी वीज गेली. माझ्या घरी शेकोटीची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या फायरप्लेसपाशी आले. मेधा चटईवर पालथी पडली होती आणि मावशी तिच्या पाठीला तेल लावत होत्या. मी पाठ करून बसले. त्या घरात बाळाविषयी कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

"जावळ किती होतं गं तिला," मावशी म्हणाल्या.

मग मेधा म्हणाली, "हो ना आई. तुझ्यासारखं, दाट."