हिमराज्यात जोडे काढून सभासद झालेल्या प्रमिलाबाईंची हकीगत

प्रथम नमन उंबरठ्यास, ज्याच्या योगे घराला आत आणि बाहेर आहे. शके १९२९, सर्वजितनाम संवत्सर, पौष मासी जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

उत्तरेस एक हिमराज्य होते. तेथे सांगोल्याच्या प्रमिलाबाई वाघमोडे परिचारिका होऊन गेल्या आणि खालच्या आळीत राहिल्या. बर्फ उपसणारी सरकारी गाडी पहाटे वरच्या आळीत दोनदा फिरे आणि खालच्या आळीत दुपारी येई, आणि पहाटपाळीच्या परिचारिका घसरून पडत. आदल्या हिवाळ्यात तीन मनगटे मोडली, त्यात एक बाईंचे. मग बाईंनी नगरसभेच्या निवडणुकीस उभे राहण्याचे मनी धरिले. परमुलखात जन्मलेले कोणी त्या सभेत आजवर बसले नव्हते, आणि समोर गुनारराव, वीस वर्षांचे मुरलेले सभासद. राज्याचा रिवाज असा की उमेदवाराने दाराशी कागद द्यावा आणि निघावे. बाईंचा रिवाज सांगोल्याचा. घंटी वाजविण्याआधीच जोडे काढीत आणि पायमोज्यांनी बर्फावर उभ्या राहत. थंडी शून्याखाली अकरा अंश. पहिल्याच घरी हेल्गा नावाच्या आजींनी दार उघडले आणि वदल्या, "अगं, पाय गोठवून घेतेस काय? आत ये आधी, राजकारण मागाहून." मग कॉफी झाली, आणि मोज्याचे भोक आजींनी रफू केले, आणि मनगटाची हकीगत पाऊण तास चालली. ऐसे दोनशे घरी झाले. गुनाररावांस हे कळले तेव्हा म्हणाले, "त्यात काय, जोडे आम्हांसही आहेत." परंतु त्यांचे बूट गुडघ्यापर्यंत, नाडीची भोके बावीस, ती सोडून होईतो घरधनी मागच्या दाराने कामावर गेले. बाई अकरा मतांनी निवडून आल्या.

मग पहिल्या सभेत बाईंनी ठराव आणिला की गाडीने पहाटे आधी खालच्या आळीत यावे. बाजूचे सहा, विरुद्ध पाच. पण सभेस निदान सात जण हजर लागत; पाच उठून गेले की गणसंख्या मोडे आणि ठराव पडे, ही वरच्या आळीची जुनी विद्या. त्या दिवशी मात्र बाईंनी दाराशी जोडे काढिले, ते पाहून अध्यक्षांनी काढिले, मग आपण उद्धट दिसू म्हणून सर्वांनी काढिले, आणि शिपायाने ओले बूट वाळावेत म्हणून तळघरात भट्टीपाशी नेले. पाचही जण तावातावाने उठले, दार उघडिले, आणि अंगणातील गुडघाभर बर्फाकडे पाहत मोज्यांनी उभे राहिले.

बाई म्हणाल्या, "खालच्या आळीत आम्ही रोज असंच बघत उभ्या असतो, साहेब."

अध्यक्ष म्हणाले, "दार लावून घ्या. बूट वाळेस्तोवर मतदान उरकू."

ठराव मंजूर जाहला.

एकूण सार: गाडी पहाटे पाचास खालच्या आळीत येते, पुढील हिवाळ्यात मोडलेली मनगटे शून्य, आणि गुनाररावांनी बिननाडीचे बूट घेतल्याचे ऐकिवात आहे.