डाव्या थापेची बखर

श्री हस्तदेवता प्रसन्न असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, राज्याचे पखवाजी राजश्री रुद्राजीबोवा यांजवर अर्धांगवायूचा छापा पडला, आणि डावा हात एकाएकी गनिमास मिळाला. जीव वाचला, परंतु डाव्या थापेवाचून आपले जिणे ते काय, ऐसे म्हणोन बोवा भिंतीकडे तोंड करोन बसले. मग कुटुंब राधूबाई जिद्दीच्या, त्यांनी मोबाइलच्या दरबारी धाव घेतली, आणि तेथे हात सुधारण्याचा व्हिडिओ मिळाला, तो शिरसावंद्य मानोन कवायत सुरू केली. बोवा बोलिले, "अगं, हा तर माझा धड हात!" बाई बोलिल्या, "व्हिडिओत उजवाच सांगितलाय. तुम्ही शहाणपणा करू नका." हुकुमाचा अर्थ पुसण्याची चाल या राज्यात मुळीच नव्हती. येणेप्रमाणे उजवा हात मल्ल जाहला, आणि डावा मांडीवर पडोन राहिला.

मग हातास रोजची कामे पुन्हा शिकविणाऱ्या वैद्या शर्वरीबाई यांजकडे स्वारी गेली. हात कायमचा गेला तर दोष आपलाच, या धाकाने राधूबाईंनी रडत रडत सारे सांगितले. वैद्यांनी बोटे हालवोन पाहिली आणि हासोन बोलिल्या, "काकू, डाव्याचं काही बिघडलेलं नाही. बोटं जागी आहेत. दाखवा तो व्हिडिओ." मग तिघांनी मिळोन तो पाहिला, आणि सांगणारा कोण, कोणत्या रोग्यास सांगतो, तो रोगी आपल्यासारखा आहे काय, हे आधी कैसे पाहावे ते वैद्यांनी शिकविले. "हा रोगी उजव्या अंगानं लुळा, आपले बोवा डाव्या." आणि त्याच मोबाइलात दुसरा व्हिडिओ काढोन दिला, तो दुबळ्या हाताने कणीक मळण्याचा. तो पाहताच बोवा ताठ बसले. पखवाजाच्या डाव्या तोंडास कणीक लाविल्यावाचून घुमारा नाही, आणि ती कणीक बोवा जन्मभर आपले हाते मळीत आले होते!

मग घरी परात आली, आणि डावा हात कणकेत आणि उजवा वरून कुमकेस, ऐसी मोहीम चालली. पहिल्याने बोटे नुसती रुतत, मग हळूहळू वळू लागली, आणि दिवाळीच्या सुमारास एके सकाळी बोवांनी डाव्या हाते कणीक चढवोन थाप दिली. थाप कच्ची, परंतु घर घुमले. राधूबाई पदरात तोंड घालोन रडल्या. बोवा बोलिले, "रडतेस काय? तुझ्या कवायतीनं उजवा असा माजलाय, की डाव्याला बोलू देत नाही."

तात्पर्य, मोबाइलचा हुकूम मानावा, परंतु तो कोणाचे नावे निघाला हे आधी पाहावे. डावा हात आपल्या वतनावर पुन्हा रुजू जाहला. फार बरे जाहले.