डीपीमॅनचा तिसरा भाग

आमच्या टाकवे गावात दर रविवारी सकाळी पंचावन्नच्या आसपासचा एक गृहस्थ लग्नाच्या स्टेजचा लाल मखमली पडदा गळ्यात बांधून जेसीबीच्या बकेटला लटकतो. नवखा माणूस हे पाहून पोलिसांना फोन करायला धावतो. गावातली माणसं मात्र मान वर न करता म्हशी घेऊन खालून निघून जातात.

हे सोपानभाऊ. धंदा मंडप-डेकोरेशनचा, शेती भाताची आणि खूळ सिनेमाचं. मुलीनं एकदा त्यांना तळेगावला नेऊन सुपरहिरोचा इंग्रजी सिनेमा दाखवला. तोही तीन भागांतला शेवटचा. आधीचे दोन भाग भाऊंनी पाहिलेच नव्हते, त्यामुळे कोण कोणाला कशासाठी बडवतंय हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. तरी भाऊ भारावून परतले. "गुरुजी," ते मला म्हणाले, "पडदा पांघरला की माणसाला कुणी इचारत न्हाई, बाबा, तू काम काय करतोस." दुसऱ्या दिवशी पारावर त्यांनी जाहीर केलं की आपणही तीन भाग काढणार. सिनेमा पाहून पुष्कळांचं डोकं दुखतं, भाऊंचं फिरलं.

मी इथल्या शाळेत शिक्षक आहे. माझा गुन्हा एवढाच की माझ्या मोबाइलचा कॅमेरा बरा आहे. त्याची शिक्षा म्हणून मी या तिन्ही भागांचा कॅमेरामन झालो.

नायकाचं नाव डीपीमॅन. शिवारातल्या डीपीचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा, शॉक बसून त्याच्या अंगात अचाट शक्ती आलेली आहे.

"भाऊ, डीपीला चिकटलेला माणूस वर जातो," मी समजावलं.

"मग आपला बी वरच जातोय की!" भाऊंनी जेसीबीकडे बोट दाखवलं. "लॉजिकनं भात पिकत न्हाई, गुरुजी."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. हिशेब चुकला, मंडप कलला, नवरदेवाच्या डोक्यावर झुंबर आलं, तरी ते हेच म्हणतात. एकदा उड्डाणाचं शूटिंग चालू असताना जेसीबीवाल्याला फोन आला. पुण्याच्या कुणा साहेबाला फार्महाउससाठी डोंगराचा एक तुकडा कापून हवा होता. हा बहाद्दर मशीन बंद करून बोलत बोलत ओढ्यापर्यंत गेला आणि भाऊ अधांतरी राहिले. खालून भाऊंच्या मंडळी, सुमनवहिनी, भाकरीचं फडकं घेऊन आल्या. त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "जेवाय खाली येताय, का तितंच पोचवू?"

आता खलनायक. त्याचं नाव भारनियमनासुर. काळी घोंगडी आणि डोक्यावर काचवालं हेल्मेट असा त्याचा थाट. तो आला की गावची लाइट जाते. या भूमिकेला गावात कुणी तयार होईना, कारण मार खायचा आणि तोही सोपानभाऊंच्या हातचा. अखेर निरोप आला, "त्याला म्हणावं, मारामारीच करायची तर मी हाय की."

निरोप धाकट्या भावाचा, दत्तूभाऊंचा होता. वाटणीनंतर वीतभर बांध कोरल्यावरून दोघांचा अबोला. घरं समोरासमोर, मध्ये तोच बांध. काही सांगायचंच झालं तर दत्तूभाऊ म्हशीला सांगायचे, "म्हशे, त्याला म्हण मोटार बंद कर," आणि सोपानभाऊ उठून मोटार बंद करायचे. म्हशीची शिंगंसुद्धा हलायची नाहीत. मात्र सिनेमातलं बोलणं अबोल्यात धरत नाहीत, असा काहीतरी करार या दोन शहाण्यांत न बोलता झाला असावा. पहिल्या भागात ऐन मारामारीत भाऊ गरजले, "नीचा, तुजा गुडघा कसा हाय?"

"लय दुखतोय, अधमा!" असुर गरजला.

"तेल लाव, पाप्या!"

यातलं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. मी कापू म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. इमोशन हाय."

दोन्ही भाग जत्रेत दाखवले. लोक पोट धरून हसले. ही गंभीर कलाकृती आहे हे भाऊंनी दोन्ही वेळा माइकवरून सांगितलं, तेव्हा आणखी हसले. तिसरा भाग शेवटचा. त्यात असुर मरायलाच हवा, नाहीतर पब्लिक मंडप उपटेल. पण भाऊ त्याला मारीनात. एका रविवारी उजेड बरा नव्हता, दुसऱ्या रविवारी घोंगडी पुरेशी काळी दिसेना. जत्रा तोंडावर आली तरी खलनायक ठणठणीत होता. मी वैतागलो. मला वाटलं, भाऊंना शेवट सुचत नाहीये.

शेवटी दत्तूभाऊच हेल्मेट काखेत घेऊन माझ्यापाशी आले. "गुरुजी, आज मला मारून टाकाय सांगा त्याला. मंगळवारी पुण्याला डोळ्याचं ऑपरेशन हाय. मंग धुळीत लोळता यायचं न्हाई."

भाऊ हातभर अंतरावर उभे होते. ते मला म्हणाले, "गुरुजी, संगं कोण जातंय, इचारा."

"सांगा, कुणी न्हाई." दत्तूभाऊंची बायको गेलेली, मुलगा गुजरातेत नोकरीला.

भाऊंनी पडद्याची गाठ आवळली. मग शूटिंग झालं. भाऊंनी असुराला इतक्या हलक्या हातानं बुक्का मारला की माशीसुद्धा उठली नसती. असुर भाताच्या खाचरात आडवा झाला, दोनदा पाय झाडून मेला. मी "कट" म्हटलं. दत्तूभाऊ उठले, घोंगडी झटकली, चपला घातल्या आणि बांधाच्या कडेनं घराकडे निघाले. भाऊ तिथंच उभे राहिले. मी आजवर या माणसाची एवढी टिंगल केली, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना. सिनेमा संपला होता आणि भावाशी बोलायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती.

"गुरुजी," भाऊ हळूच म्हणाले, "क्यामेरा चालू हाय का?"

मोबाइलची बॅटरी नुकतीच संपली होती. मी तो काळा मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "चालू आहे, भाऊ."

त्यांनी छाती पुढे काढली. "भारनियमनासुराऽऽ! मंगळवारी मी येतोय संगं! तयार ऱ्हा!"

मेलेला खलनायक बांधावर थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही, पण हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मगच बोलला.

"ये, अधमा! पण तेवढा पडदा काढून ये. न्हाईतर डाक्टर मला सोडून तुलाच भरती करंल!"