कोन राह्यलं जेवाचं?

आमचे डेप्युटी इंजिनिअर बापूसाहेब कॉलेजांची परीक्षा घेत, आणि तीही रोडग्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर. नवा पदवीधर कामावर आला की त्याचं सर्टिफिकेट ते उघडूनसुद्धा बघत नसत. "ते राहू दे बे. समद्या मजुरायले रोडगे खाऊ घाल. मंग पाहू, कालेजानं तुले काम चालवाले शिकवलं का नुसती गणितं!"

पास होईस्तोवर तलावाच्या बांधाच्या पायासाठी खणलेल्या खोल चराकडे फिरकायचं नाही, तंबूत बसून नकाशे रंगवायचे. माझ्याआधीचे दोघं असेच कंटाळून बदली घेऊन पळाले. माझ्या घरी तर वडिलांनी गावभर पेढे वाटलेले, मुलगा तलाव बांधतो म्हणून! मुलगा इथं रंगपेटी घेऊन बसला होता.

साठ सालानंतरचे ते दिवस. घाटंजीच्या पुढे, माळावर काम चाललेलं. झाडाला पान नाही, उन्हानं डोकं फुटायची पाळी, आणि वर हा माणूस. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. एवढंच बरं की, पोराला बोल लावत नसत. "पोट्टं चांगलं हाय, कालेज नापास," म्हणायचे. स्वतःही माझ्याच कॉलेजातले. तो विषय काढला की म्हणत, "म्हणून तं सांगून राह्यलो!"

पहिल्या खेपेला मी सगळ्या गोवऱ्या एकदम पेटवल्या आणि वांगी आणायला घाटंजीच्या बाजारात गेलो. परत येतो तर विस्तव विझून गेलेला आणि कणीक अजून मळायचीच. तांड्यावरची सोनीबाई, जी वर्षानुवर्षं बापूसाहेबांच्याच कामांवर असायची, तोंडावर म्हणाली, "साहेब, आता राख वाढता का?"

कॉलेज नापास.

दुसऱ्या खेपेला मी हट्टाला पेटलो. गोवऱ्या पाळीपाळीनं पेटवल्या, पाण्याचे पिंप सावलीत ठेवले, पत्रावळी आधीच लावून घेतल्या. रोडगे असे खमंग उतरले की मजूर मागून मागून जेवले. मी छाती काढून बापूसाहेबांपुढे उभा राहिलो.

"कोन राह्यलं जेवाचं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब."

"पाहून सांग."

पाहतो तर चरातलं पाणी उपसणाऱ्या इंजिनावरचा गोविंदा उपाशी! इंजिन सोडून येणार कसा बिचारा? त्याला जेवू घातलं आणि पुन्हा गेलो.

"आता कोन राह्यलं?"

"आता खरंच कोणी नाही."

"जाय, नकाशे रंगव," म्हणाले, छत्री उघडली आणि चराच्या काठावर पाठ करून बसले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "या म्हाताऱ्याला हवंय तरी काय?" मी सोनीबाईवरच ओरडलो.

ती भांडी घासायची थांबली. "त्यायचा लेकबी इंजिनेर होता, साहेब. कालेजातून निंघाला अन् पयल्याच कामावर... आमी समदे जेवाले गेलतो. तो मांगं एकलाच चरात मापं घेत होता. वरून माती ढासळली. पंगत उठली तरी कोनी इचारलं नाही, कोन राह्यलं म्हनून."

 माझी नजर आपोआप त्या छत्रीकडे गेली आणि ध्यानात आलं, या माणसाला पंगतीत बसलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही.

पत्रावळीवर दोन रोडगे, वरण, वांग्याची भाजी घेतली आणि काठावर गेलो.

"साहेब, तुम्ही राह्यले."

ते पत्रावळीकडे पाहतच राहिले. मग त्यांनी रोडगा मोडला.  मी शेजारी बसलो.

"लेक हुशार होता बे माहा," घास तसाच हातात धरून ते म्हणाले. "कालेज मीच निवडलं त्याच्यासाठी."

खाली इंजिन धडधडत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी तो घास खाल्ला.

"उद्यापासून चरात उतर," ते म्हणाले. "पन जेवाच्या टायमाले मले वर दिसला पायजे."