सिस्टरच्या गाडीला ड्रायव्हर पाहिजे

आमच्या समोरच्या घरात गेल्या वर्षी एका मोटारसायकलला सलाईन लावलेली होती. मी हे अलंकारिक लिहीत नाही. बैठकीच्या खोलीत, जिथे लोकांकडे सोफा असतो, तिथे दोन सायलेन्सरची एक जुनी मोटारसायकल उभी होती. तिची टाकी उतरवून भिंतीला टेकवलेली. वर खुंटीला सलाईनची बाटली उलटी टांगलेली, बाटलीत पेट्रोल, आणि तिथून नळी थेट कार्बोरेटरमध्ये. नळीवरचं चाक बोटाने फिरवत कलावती सिस्टर थेंबांकडे बघत होत्या. मी दारात उभा राहिलो, तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, "बाहेर थांबा."

कलावती सिस्टर म्हणजे आमच्या पाटोद्यातल्या निवृत्त नर्सबाई. त्यांची सगळी नोकरी तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत गेली. आज चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेली इथली कितीतरी माणसं त्यांच्या हातावर जन्मली आहेत. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. ज्या बाईने आपल्याला पहिल्याच दिवशी उलटं धरून चापट मारली, तिच्यापुढे पद, पैसा आणि कडक इस्त्रीचे पांढरे कपडे यांचं काही चालत नाही. 'बाहेर थांबा' हे त्या पूर्वी बाळंतिणीच्या नवऱ्याला सांगत. निवृत्तीनंतर तो नियम दूधवाला, गॅसवाला, मी अशा समस्त पुरुषांना लागू झाला.

गाडी त्यांच्या मालकांची. मालक म्हणजे नवरा, आमच्याकडे तसंच म्हणतात. पण भानुदासरावांना मालक म्हणताना लोक गालात हसायचे. कारण नोकरी बायकोची, आणि हे रोज सकाळी तिला मागे बसवून केंद्रावर नेणार, संध्याकाळी आणणार, रात्री-बेरात्री कुणी अडलेली असली तर तेव्हाही नेणार. मधल्या वेळात थोडी कोरडवाहू शेती. गाव त्यांना 'नर्सबाईचा ड्रायव्हर' म्हणे. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नसे आणि त्यामुळे गावाला फार वाईट वाटे.

भानुदासराव गेले आणि गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याखाली गेली. सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. काही वर्षं असंच चाललं.

मग श्रावणात सिस्टरांच्या मुलाचा, प्रशांतचा, पुण्याहून निर्णय आला. प्रशांत गुणी मुलगा आहे. रोज फोन करतो, आईने गोळ्या घेतल्या का विचारतो. त्याने ठरवलं की दिवाळी झाली की आईने कायमचं पुण्याला यायचं, घर भाड्याने द्यायचं आणि शेडमधली गाडी भंगारवाल्याला. सिस्टर हो म्हणाल्या. फक्त एक अट घातली. जायच्या आधी एकदा याच गाडीवर वाघदऱ्याला जाऊन यायचं. वाघदरा म्हणजे घाट चढून गेल्यावरची वाडी, त्यांचं पहिलं उपकेंद्र. प्रशांत म्हणाला, आई, कारने नेतो की, एसी लावून. सिस्टर म्हणाल्या, "कारनं मला जायाचंच न्हाई."

म्हणजे गाडीला दिवाळीपर्यंत जिवंत होणं भाग होतं. नाहीतर वाघदऱ्याला न जाताच सिस्टर एका दिशेला आणि गाडी दुसऱ्या दिशेला जाणार, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं.

सिस्टरांनी ती शेडमधून बैठकीत आणवली. बाईमाणूस इंजिन काय खोलणार, असं ज्यांना वाटलं त्यांत मीही होतो. पण मालकांची गाडी इतकी जुनी, की ती रस्त्यात बंद पडण्याला त्या घरात प्रवासाचाच भाग समजत. ते खाली बसून खोलत आणि सिस्टर एकेक नट-बोल्ट पदरात धरून ओळीने परत देत. असं वर्षानुवर्षं चाललं तर कुणालाही इंजिन येईल. पद्धत मात्र दवाखान्याची. पाने-पकडी स्टीलच्या ट्रेमध्ये, वर स्वच्छ फडकं. कार्बोरेटरची भोकं इंजेक्शनच्या सुईने साफ. इंजिन जाम झालेलं होतं, तर प्लग काढून त्यातून आत एरंडेल सोडलं आणि मला सांगितलं, "दोन दिवस वाट बगायची. घाई केली की नड होती." मी वाचनालयातून मोटार दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं. त्यांनी आभार मानले आणि ते स्टँडखाली घातलं, तिथली फरशी थोडी खचलेली होती.

लेथवरच्या कामापुरतं सलीम मिस्त्रीला आत घेतलं गेलं, चपला काढून, हात धुऊन. सलीम म्हणाला, "सिस्टर, इसमें कुछ नहीं रहा. दुसरं इंजन बसवू, नवं, बटन स्टार्ट."

"तुझं डोकं दुखतं तवा दुसरं बसवते का मी?" सिस्टर म्हणाल्या.

सलीम जुनंच सिलेंडर पिशवीत घालून लेथवर घेऊन गेला.

दसऱ्याला गाडी सुरू झाली. या गाडीला किक आणि गिअर मिळून एकच दांडा असतो. आत दाबून वर घेतला की किक, खाली आणला की गिअर. सिस्टरांनी नऊवारीचा काचा घट्ट केला, दांडा वर घेतला आणि पायाखाली दाबत राहिल्या. आधी गाडी खोकली. मग तिने जो धूर सोडला त्यात बैठकीची खोली, अंगण, रस्ता आणि आमच्या दोरीवरची धुणी दिसेनाशी झाली. धुरातून तो आवाज आला, टपटपटप, आणि गल्लीतली म्हातारी माणसं बाहेर येऊन उभी राहिली. झेंडूचा हार घातला, नारळ फुटला. कुणीतरी म्हणालं, आता बसा सिस्टर, मारा एक चक्कर.

सिस्टर म्हणाल्या, "मला कुठं येती गाडी?"

खरंच, त्यांना गाडी चालवताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. त्यांची जागा मागे होती. इतके दिवस आम्ही सगळे एका पेशंटकडे बघत होतो आणि पुढची सीट रिकामी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हापासून ड्रायव्हर शोधणं सुरू झालं. परीक्षा अशी, की सिस्टर मागे बसणार आणि उमेदवाराने बसस्टँडला वळसा घालून परत आणायचं. सलीम पहिला. गाडी त्याने झकास चालवली, पण सिस्टर उतरून म्हणाल्या की जाता-येता इंजनाचंच सांगत ऱ्हातो. मागच्या गल्लीतले विमा एजंट दुसरे. ते कोणत्या विषयावर बोलले असतील हे सांगायला नको.

तिसरे स्वतःहून आले. ते आमच्या भागाचे युवा नेते. त्यांचं वय झालं तरी बॅनरवरचं 'युवा' अजून निघालेलं नाही. त्यांनी 'आरोग्यदूत कलावतीताई सन्मान यात्रा' असा फलक चौकात लावून टाकला. फलकावर सिस्टरांचा फोटो होता. तो शोधायला थोडा वेळ लागायचा, कारण मधोमध नेते होते आणि भोवती त्यांचे शुभेच्छुक. वाघदऱ्यापर्यंत मागेपुढे गाड्या राहतील, वर ढोल आणि हार राहतील, असं त्यांनी सांगितलं. काळा चष्मा लावून ते पुढे बसले. बसस्टँडपाशी माणसं दिसताच त्यांनी एक हात सोडून डावीकडे नमस्कार घातला, मग उजवीकडे. तिसऱ्या नमस्काराला गाडी फळांच्या गाड्याला घासून गेली. सिस्टरांनी खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि सगळ्या बसस्टँडला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पायाळू आलतास तू. तवाच तुझ्या आईला म्हणलं हुतं मी, ह्याचं लक्ष ठेव बाई."

सन्मान यात्रा रद्द झाली. फलक मात्र बरेच दिवस होता.

दिवाळी तोंडावर आली. प्रशांतने खोके बांधायला चिकटपट्टी पाठवली होती, ती सिस्टरांच्या ओट्यावर पडून होती. अशात एके सकाळी आमच्या घरातून हिने समोरच्या ओट्यावर आवाज दिला, की आमच्या सरांना न्या, लग्नाच्या वेळी यांच्याकडे अशीच गाडी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तेवढंच तुमचं वर्तमानपत्र सुटेल.

मी परीक्षा दिली. बसस्टँडला वळसा घालून येईपर्यंत माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. पायाखालच्या दांड्याची कधी किक होते आणि कधी गिअर, या भीतीने माझी जीभ टाळूला चिकटली होती. उतरल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ऐतवारी निघू, सर." मी पास झालो होतो. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी निघालो. सिस्टर एका बाजूला पाय सोडून बसल्या, एक हात मागच्या कडीवर. गाव सुटलं, सोयाबीनची मोकळी रानं सुटली. ऊसतोडीला निघालेल्या एका ट्रॅक्टरला वाट दिली. घाट लागला आणि मागून अगदी घरगुती आवाज आला.

"आवो, प्रशांतनं नवव्या मजल्यावर घर घेतलंय."

मला वाटलं वाऱ्यामुळे मी नीट ऐकलं नाही. मी अर्धा वळून म्हणालो, "काय म्हणालात, सिस्टर?"

खांद्यावर हलकी थाप पडली. "तुमी फुडं बघा, सर."

मी पुढे बघू लागलो. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झालं.

"लिफ्ट हाय. खाली बाग हाय. सून चांगली हाय, जेवल्या का म्हणून इचारती. नातू विंग्रजीत बोलतो, पर लाडका हाय. पर आवो, त्या घरात मला कामच न्हाई. बसून ऱ्हायाचं निस्तं."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे माझ्याशी चाललेलं नव्हतं. भानुदासरावांचं घर म्हणजे दोन खोल्या, त्यात आई, धाकटे भाऊ, त्यांच्या बायका. केंद्रावर पेशंट. या नवराबायकोला दोघांपुरती जागा म्हणून उभ्या संसारात होती ती एवढीच, या सीटवर, घरापासून केंद्रापर्यंत. मुलाची शाळा, बहिणीचं लग्न, बदली घ्यायची की नाही, जे काही ठरलं असेल ते या रस्त्यावर, पुढे बसलेल्या मालकांच्या पाठीशी बोलून ठरलं असणार.

"मी हो म्हणून बसले त्याला," मागून आवाज आला. "तुमाला इचारलंच न्हाई. घरात बसून इचारावं तर सुचतच न्हाई मला. तुमी सांगा. जाऊ का ऱ्हाऊ?"

आणि त्या थांबल्या. खरोखर उत्तराची वाट बघत थांबल्या.

माझा जन्म शिकवण्यात गेला. प्रश्न आला की उत्तर द्यायची मला खोड आहे, विचारलं नसलं तरी. मी ओठ मिटून धरले आणि रस्त्याकडे बघत राहिलो. वळणापुढे चढ एकदम उभा होतो. मी गिअर उतरवला. गाडी एकवार अडखळली, मग घोगऱ्या आवाजात दम धरून वर चढत राहिली.

चढ संपून घाटमाथा लागला. मग सिस्टर म्हणाल्या, "मला वाटलंच, तुमी हेच म्हणणार."

वाघदऱ्याचं जुनं उपकेंद्र पाडून नवं बांधलं आहे. रविवार असल्याने कुलूप होतं. मी गाडी थांबवली आणि विचारलं, उतरणार ना?

"कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "चला माघारी."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला गुडघ्याच्या दोन गोळ्यांची नावं सांगितली आणि हिला तिखट कमी टाकायला सांगा म्हणाल्या. घरासमोर उतरल्या, पदराने सीट पुसली, ओट्यावरची चिकटपट्टी उचलून खिडकीत ठेवली.

"सर, भंगारवाला आला तर त्याला वाटंला लावा," त्या म्हणाल्या. "प्रशांतला मी सांगते. अन् फुडच्या ऐतवारी रिकामं ऱ्हावा."

मी विचारलं, "कुठे जायचंय?"

"कुठंबी. रस्ता तेवढा लांबचा बघा."