काटूला बघायला आलेलं जंगल

एका जंगलात, बाळांनो, सकाळी बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी अस्वलमामा शिंकले. शिंक अशी दणदणीत, की चिंचेवरच्या साळुंक्या उडाल्या. तिथूनच सगळं सुरू झालं.

त्या जंगलात साळू नावाची साळिंदर राहायची. तिला एकच पिल्लू, काटू. तो नुसता खाकरला तरी साळूचा जीव खालीवर व्हायचा.

थंडीत तिथे फ्लूची साथ यायची. म्हणून बगळे डॉक्टर लशीची पेटी घेऊन उंबराखाली बसले होते. पण रांग कुठली? जो तो म्हणे, "आधी शेजाऱ्याला घेऊ दे. त्याला काही झालं नाही तर बघू." शेजारीही तेच म्हणे.

साळूला तर सुईचीच भीती. हसू नका! पाठीवर एवढ्या सुया, पण त्या दुसऱ्याला टोचायच्या. त्यात मोबाइलवर पोपटाचा निरोप आला, 'लस घेतली की काटे गळतात. सर्वांना पाठवा.' पोपटाला स्वतःला काटे नव्हते, तरी त्याला ठाऊक होतं.

"पुढच्या आठवड्यात बघू," साळू म्हणाली.

तेवढ्यात वानरीण वच्छीकाकू आली. "अगं, अस्वलमामांना बघून आलीस की नाही? सगळं जंगल जाऊन आलं. नावं ठेवतील हो तुला!"

त्या जंगलाची रीतच तशी. कुणी आजारी पडलं, की घरच्या सगळ्यांनी बघायला जायचं. खेटून बसायचं, कपाळाला हात लावायचा, चहा प्यायचा. साळू गेली. काटूलाही नेलं. मामांनी त्याला मांडीवर घेतलं, "गुणाचं गं बाळ!" म्हणाले, आणि त्याच्या तोंडावरच शिंकले.

दोन दिवसांनी काटू तापला. दूध पिईना, डोळे उघडीना. साळूचे काटे उभे राहिले ते खाली बसेनात. पिल्लाला उचलून ती उंबराखाली धावली.

डॉक्टरांनी औषध दिलं. "बरा झाला, की दोघंही लस घ्यायला या. आणि घरी गर्दी नको."

साळूने पिल्लू कुशीतून खाली ठेवलं नाही. एका सकाळी काटू कुरकुरला, "आई, तू टोचतेस गं!" तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

मग दोघं लस घ्यायला गेली. काटूने चटकन घेतली. साळूची पाळी आली.

"टोचू कुठे, ताई? जागाच दिसत नाही."

साळूने डोळे गच्च मिटले. "आई गं!" असा आवाज आला. ओरडले ते डॉक्टर.

काटा मात्र एकही गळला नाही.

घरी येऊन बघते, तर दारात अख्खं जंगल. काटूला बघायला! कुणी खोकतंय, कुणी नाक पुसतंय. साळू दारात आडवी उभी राहिली.

"लस घेतल्याशिवाय आत यायचं नाही. आणि नाक वाहत असेल तर लस घेऊनही नाही."

"शेफारली हो ही!" वच्छीकाकू फणकारली. "आम्ही काय परके?"

"परके असता तर एव्हाना टोचलं असतं, काकू."

जंगलाचा फार अपमान झाला. तापाला कुणी भ्यालं नव्हतं. पण आजाऱ्याला न बघता परत जायचं? चहा न पिता? सगळे तडक उंबराखाली. "मला आधी! मला आधी!"

"नाक वाहणाऱ्यांनी बरं होऊन या," डॉक्टर म्हणाले. "आणि आज टोचली, आज लागू पडली असं नसतं. दोनेक आठवडे जाऊ द्या."

तेवढे जाऊ देऊन सगळे रीतसर आले. काटू अंगणात कोलांट्या मारत होता. तरी प्रत्येकाने त्याला धरून कपाळाला हात लावला, "किती उतरलाय गं!" म्हटलं, आणि चहा घेतला.

पुढे थंडीभर जंगलात फारसं कुणी शिंकलं नाही. वच्छीकाकू तेवढी हळहळायची, "यंदा बघायला जाण्यासारखं कुणी पडतच नाही बाई आजारी!"

तात्पर्य : लस स्वतःच्या जिवासाठी घ्यायची नसते. दुसऱ्याच्या आजारपणात चहा प्यायला जाता यावं म्हणून घ्यायची असते. हे चार घरी सांगा. पोपटालाही सांगा, त्याच्याइतकं लांब कुणाचंच बोलणं पोचत नाही.