पेवातला डबा

हरिपूरच्या पेवातून डबा वर आला, तेव्हा त्यातून पन्नास वर्षांपूर्वीचं भविष्य निघण्याऐवजी अर्धा शेर चिखल निघाला.

मदन चौगुले म्हणजे सांगलीतले हळदीचे निवृत्त व्यापारी आणि विज्ञानकथा मंडळाचे संपादक. मंडळ चौघांचं. त्यातले दोघे वारले. चौघांनी १९७५ साली २०२५ सालाबद्दल लिहून, डबा हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवात ठेवला होता. पेवात हळद नासत नाही, मग साहित्य कशाला नासेल, हा मदनशेठचा सिद्धांत. महापुराने तो तपासून पाहिला.

रविवारी वाचनालयात डबा उघडायचा होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

“आवं, लोकांना काय दाखवणार? चिखल?” त्यांच्या पत्नी चंदनबालांनी विचारलं.

“मौला येणार हाय.”

“मग लयच बरं. इतक्या वर्षांनी बोलवायचं आन् चिखल दाखवायचा.”

मौला म्हणजे मंडळातला हयात असलेला दुसरा; धंद्याने सुतार, आणि खरं म्हणजे मंडळातला एकमेव लेखक. त्याच्या कथेत कृष्णा बाजारपेठेत शिरते आणि एक संपादक गच्चीवर अडकतो. मदनशेठनी तिच्यावर लाल शाईने ‘शास्त्रीय आधार नाही’ असा शेरा मारला आणि पुढच्या पिढ्यांना हसायला म्हणून तीही डब्यात टाकली. मौलाने पुन्हा लिहिलं नाही, मदनशेठच्या दारातही आला नाही. पुढे पूर आला. मदनशेठ दोन दिवस गच्चीवर बसले आणि खरी ठरलेली कथा पेवात भिजून गेली.

मदनशेठनी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर सगळं आठवून लिहिलं. पानं जुनी दिसावीत म्हणून हळदीच्या पाण्यात बुचकळली. स्वतःचा लेख प्रामाणिकपणे होता तसाच ठेवला: २०२५ साली चंद्रावर हळदीचे सौदे निघतील. मौलाच्या कथेवर शेरा तेवढा मारला नाही.

रविवारी चंद्राला लोक हसले. मौलाच्या कथेला उभं राहून टाळ्या वाजल्या, शालही मिळाली. मौलाने पानं हातात घेऊन चाळली, मग स्वतःची बोटं पाहिली. पिवळी झाली होती.

“शेठ,” तो हळूच म्हणाला, “पन्नास वर्षांची हळद अजून बोटाला लागती व्हय?”

“डब्यात पाणी गेलं रं. तुज्याच कथेतल्या पुरानं तुजी कथा नासवली. चुकलं माजं.”

“लिवलीयस बरी. पण शेवट बदललास गड्या. माज्यातला होडीवाला संपादकाला बघून तसाच पुढं जातो. तुज्यातला होडीत घेतो.”

“आठवलं न्हाई मला.”

मौलाने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

“पुरात मीच होडी चालवत हुतो. तुज्या गच्चीखालनं दोनदा गेलो. मान वर केली न्हाई.”

“म्या बघितलं हुतं,” मदनशेठ म्हणाले. “पर हाक मारली न्हाई.”

“लाल पेन हाय का?”

मदनशेठनी खिशातून काढून दिलं. मौलाने संपादकाला होडीत घेणाऱ्या शेवटच्या ओळीखाली सावकाश लिहिलं, ‘शास्त्रीय आधार नाही’, आणि पान घडी करून वरच्या खिशात ठेवलं.